गळाला लागलेला साप : विषारी की बिनविषारी?

मृगाचा पाऊस ओढ्यानाल्यांत उतरला की खेडोपाडी चढणीचे मासे पकडण्याची धांदल उडते. शहरातील हौशी मंडळीही गळ घेऊन तलावांच्या आणि धरणांच्या काठावर तासन् तास बसतात. अशा वेळी गळाला ओढ बसावी, मोठा मासा लागला म्हणून दोरी खेचावी आणि टोकाला वळवळणारा साप दिसावा, हा प्रसंग अनेकांच्या अनुभवाचा आहे. पुढचे सारे ठरलेलेच असते. आरडाओरड होते, कोणीतरी काठी उचलतो आणि साप मारला जातो. वास्तविक, गोड्या पाण्यात असा सापडणारा साप बहुधा बिनविषारी असतो. याउलट, समुद्रात जाळ्यात आलेला साप अनेकदा सहज हाताने सोडवून फेकला जातो. आणि जीवावर बेतू शकते ती तेथेच. गोड्या पाण्यातील भीती आणि खाऱ्या पाण्यातील निर्धास्तपणा, हे दोन्ही अज्ञानातून आलेले आहेत.

मासेमार नावाचा साप

महाराष्ट्रातील नद्या, तळी, विहिरी आणि भातखाचरांत सर्रास आढळणारा पाणसाप म्हणजे दिवड. काही भागांत त्याला विरोळा म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ योहान श्नायडर यांनी १७९९ मध्ये त्याला ‘पिस्कॅटर’ हे नाव दिले. या लॅटिन शब्दाचा अर्थच मासेमार असा आहे. मासे आणि बेडूक हे त्याचे मुख्य खाद्य असल्याने गळाचे आमिष किंवा जाळ्यातील मासळी त्याला खेचून आणते.

पिवळसर वा हिरवट-तपकिरी अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकडे, खरखरीत खवले आणि डोळ्यापासून खाली व मागे तिरप्या जाणाऱ्या दोन काळ्या रेषा ही त्याची ओळख. रंगात फरक आढळतो. डोळ्याजवळच्या रेषा मात्र बहुधा स्पष्ट दिसतात. दिवड स्वभावाने तापट आहे. डिवचल्यास तो मान चपटी करून शरीराचा पुढचा भाग उचलतो आणि याच पवित्र्यामुळे त्याला नाग समजून मारले जाते. तो कडकडून चावतो, रक्तही येते. परंतु त्याच्या दंशाने माणसाला विषबाधा होत नाही. जखम साबणाने स्वच्छ धुऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पाण्यात दिसला म्हणून प्रत्येक साप दिवड नसतो. नागालाही उत्तम पोहता येते आणि बेडूक, उंदरांच्या मागे तो पाणथळ जागी येतो. ओळख पटली नसेल तर साप विषारी आहे असे गृहीत धरूनच वागावे.

शेपटी पाहावी

समुद्रसापाची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे त्याची शेपटी. ती दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी, वल्ह्याप्रमाणे चपटी असते. दिवडाची शेपटी गोल आणि निमुळती असते. समुद्रसापाला कल्ले नसतात. श्वास घेण्यासाठी त्याला पृष्ठभागावर यावेच लागते. कोकण किनाऱ्यावर मासळीबरोबर जाळ्यात येणाऱ्या सापांत चोचीसारख्या तोंडाचा समुद्रसाप प्रमुख आहे. शिंगाळ्यासारखे मासे हे त्याचे आवडते खाद्य. तो खाड्यांच्या मुखांतही शिरतो.

खाड्यांत आणि खारफुटीत इतरही साप असतात. अंगावर सैल, कानशीसारखी खरखरीत कातडी असलेला एक साप बिनविषारी आहे. पण त्याच्या अंगावरील पट्ट्यांमुळे तो समुद्रसापासारखा दिसतो. त्यामुळे खाडीतील कोणताही साप हाताळू नये, हेच उत्तम.

समुद्रसापाचा दंश फसवा असतो. वेदना थोडी, सूज जवळजवळ नाही. त्यामुळे चावलेला माणूस काम करीत राहतो. अर्ध्या तासापासून काही तासांत अंग दुखू लागते, स्नायू ताठरतात, जबडा उघडेनासा होतो. स्नायूंचा नाश झाल्याने लघवी काळसर होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि श्वसन बंद पडू शकते. भारतात सर्वत्र मिळणारे सर्पविषावरील औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर बनवलेले असते. समुद्रसापाच्या विषावर त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणूनच अशा रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वास आणि डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात वेळ न दवडता नेणे, हाच खरा उपचार.

काय करावे?

गळाला साप लागल्यास त्याच्या तोंडातून आकडा काढण्याचा प्रयत्न करू नये. साप शांत ठेवून सर्पमित्रास बोलवावे. ते शक्य नसल्यास सुरक्षित अंतरावरून दोरी कापावी. जाळ्यातील साप लांब काठीने बाहेर काढावा. मेलेला वाटला तरी त्याला हात लावू नये. दंश झाल्यास अवयव न हलवता स्थिर ठेवावा. जखम कापणे, विष चोखणे किंवा दोरीने करकचून बांधणे टाळावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दिवड आणि समुद्रसाप या दोघांनाही संरक्षण आहे. पाणी त्यांचेही घर आहे. काठी उचलण्यापूर्वी किंवा हात पुढे करण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहिले, तर सापाचाही जीव वाचेल आणि आपलाही.