‘लॉगिन फेल्ड’ : सर्व्हर नेमकं काय सांगतो?

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत हीट नंबर, डिस्पॅच, बिलं विंडोज सर्व्हरवरच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये असतील, तर एका एररने गेटवर भरलेली गाडी थांबते.

• लॉगिन म्हणजे आत येण्याची ओळख. परमिशन म्हणजे आत आल्यावर कशाला हात लावायची मुभा. दोन्ही बिघाड वेगळे.

• एरर १८४५६ : लॉगिन नाकारलं. स्क्रीनवर ‘स्टेट १’ एवढंच दिसतं. पासवर्ड हुडकणाऱ्याला मदत होऊ नये म्हणून खरं कारण झाकलेलं असतं. ते सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये सापडतं. स्टेट ५ : असं लॉगिनच नाही. ८ : पासवर्ड चुकला. ५८ : सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतो. पासवर्ड बदलत बसण्याआधी हा लॉग उघडावा.

• एरर २२९ : लॉगिन ठीक, पण त्या टेबलावर हक्क नाही.

• नव्या सर्व्हरवर बॅकअप रिस्टोअर केल्यावर : लॉगिन जुन्या सर्व्हरवरच राहतं, डेटाबेसमधला युजर मात्र बॅकअपसोबत येतो. दोघांची जोड नावाने नव्हे, एसआयडी क्रमांकाने होते. म्हणून नव्या सर्व्हरवर त्याच नावाचं लॉगिन केलं, तरी प्रवेश नाही. ‘ऑल्टर युजर’ कमांडने जोड पुन्हा बसते.

• विंडोजचं शेअर फोल्डर : शेअर आणि एनटीएफएस (डिस्कवरच्या फाइलींच्या) परमिशनपैकी जी कडक, तीच लागू.

• डोमेनमधलं घड्याळ : मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांहून जास्त फरक पडला, की कर्बेरॉस (डोमेनची ओळख तपासणारी पद्धत) लॉगिन नाकारतं.

• विंडोज सिक्युरिटी लॉग : ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४७४० म्हणजे खातं लॉक.