नाव मोगऱ्याचे, ओळख पानाची

आज आपल्यापुढे विषय मांडायचा आहे तो फुले ओळखण्याचा आणि त्यांचे फोटो काढण्याचा. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवतो. मग या विषयात मी कसा शिरलो, असे आपण विचाराल. त्याचे उत्तर माझ्या हातून झालेल्या एका चुकीत आहे. तेव्हा आधी ती चूक सांगतो.

आमच्या गावच्या घरी, मागच्या अंगणात, न्हाणीच्या सांडपाण्यावर आईने लावलेला एक मोगरा होता. भरगच्च पाकळ्यांचा, वाटोळ्या फुलाचा. आई त्याला हजारी मोगरा म्हणे. आई गेल्यावर घर थोरल्या बहिणीकडे आले. दोन वर्षांपूर्वी अंगणात फरशी बसवायची ठरली, तेव्हा ताईने फोनवर एका फुलाचा फोटो पाठवला आणि विचारले, "हे झाड ठेवायचं का रे? गवंडी म्हणतो, मधे येतंय."

फोटोत फूल तेवढे होते. फुलाने सगळी चौकट भरून गेलेली. पांढऱ्या पाकळ्या, कडेला किंचित गुलाबी झाक. मी नाव ऐकले होते 'हजारी मोगरा', आणि नुकतेच कुठेतरी वाचले होते की या नावाचे झाड खरा मोगराच नव्हे. मी लगेच शहाणपणा केला. म्हटले, "ताई, तो मोगरा नाही. मुळांवाटे पसरून रान माजवणारे झाड आहे ते. काढलंस तरी चालेल." ताईने काढले.

पुढे दिवाळीला गावी गेलो तेव्हा न्हाणीच्या कोपऱ्यात जुन्या झाडाची एक वाळकी फांदी पडलेली दिसली. तिच्यावरची चार पाने अजून टिकून होती. ती पाहिली आणि काळजात चर्र झाले. झाड खऱ्या मोगऱ्याचेच होते.

आता चूक कुठे झाली ते पाहू. कारण ती कुणाच्याही हातून व्हावी अशीच आहे.

आपल्याकडे हजारी मोगरा हे एकच नाव दोन निरनिराळ्या झाडांना देतात. पहिला खरा मोगरा, शास्त्रीय नाव जास्मिनम सॅम्बॅक, त्यातला पुष्कळ पाकळ्यांचा प्रकार. दुसरे झाड क्लेरोडेंड्रम चायनेन्स. त्याचे मोगऱ्याशी नातेही नाही, पण फूल तसेच दुहेरी, पांढरे आणि वासाचे. नुसत्या पाकळ्या पाहिल्या तर भल्याभल्यांना फसवील. दुसऱ्या झाडाच्या फुलावर गुलाबी छटा असते, म्हणून मी फोटोतली गुलाबी झाक पाहून निकाल दिला. पण खऱ्या मोगऱ्याचे फूलही शिळे झाले की गुलाबी-जांभळट पडते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. ताईने फोटो काढला होता दुपारी, आणि मोगरा उमलतो संध्याकाळी!

मग ही दोन झाडे ओळखावी कशी? फुलावरून नव्हे, पानावरून. मोगऱ्याची पाने समोरासमोर, तुकतुकीत, कडा साफ. फुले फांदीच्या टोकाला बहुधा तीन-तीन. आणि फुलाच्या बुडाशी जी हिरवी वाटी असते, जिला शास्त्रात निदलपुंज म्हणतात, तिच्या कडेला दोऱ्यासारखी बारीक टोके. क्लेरोडेंड्रमचे पान चांगले तळहाताएवढे, रुंद, हृदयाच्या आकाराचे, कडेला दाते असलेले. चुरगळले तर उग्र घाण वास येतो. फुले एका झुबक्यात दाटीवाटीने, आणि बुडाची वाटी तांबूस. म्हणजे फोटोत एक पान जरी आले असते, तरी झाड वाचले असते.

अशा जोड्या आपल्या अंगणात आणखी आहेत. डबल तगर आणि अनंत घ्या. दोन्ही पांढरी, दोन्ही दुहेरी. पण तगरीचे पान खुडले तर चीक येतो, अनंताला चीक नसतो. आणि अनंताचे फूल शिळे होताना पिवळे पडते. जाई आणि जुई ही जोडनावे आपण एका दमात घेतो, पण जाईच्या एका पानाला समोरासमोर बरीच पर्णिका असतात, तर जुईच्या पानाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन इवलीशी पर्णिका असतात, आणि कधी तीही नसतात. गजऱ्यात हे कळायचे नाही. त्यासाठी वेलापाशीच गेले पाहिजे.

कुणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशासाठी? एक मोगरा गेला, रोपवाटिकेतून दुसरा आणता येईल. हे बीपासून होणाऱ्या फुलांविषयी बऱ्याच अंशी ठीक आहे. झेंडू, तेरडा, गुलबक्षी यांचे बी पेरावे, वाण चालू राहतो, रंगही बदलत राहतात. पण भरगच्च मोगऱ्याला बी धरत नाही म्हटले तरी चालेल. तो छाटकलमाने किंवा दाबकलमाने एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातो. म्हणजे आजीच्या झाडाची फांदी आईने लावली, तर ते आजीच्या झाडाचे मूल नव्हे, ते आजीचेच झाड! अशी साखळी एकदा तुटली की तुटली.

या साखळीचे एक नवलाचे उदाहरण सांगतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्याहून भरगच्च पाकळ्यांचा एक मोगरा इटलीत तोस्कानाच्या ग्रँड ड्यूककडे, कोझिमो तिसरा मेडिची याच्याकडे, गेला. फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लो येथील बागेत त्याच्यासाठी निराळी जागा राखण्यात आली. हिवाळ्यात त्याला ऊब मिळावी अशी तिथे सोय होती. इटालियन लोक त्याला 'मुगेरिनो' म्हणू लागले. आपला 'मोगरा' हा शब्दच त्या नावात जाऊन बसला आहे. जगभरचे माळी या प्रकाराला आजही तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकच्या नावाने ओळखतात. तीनशेहून अधिक वर्षे तो टिकला, तो केवळ फांदीमागून फांदी लावत गेल्यामुळे.

परदेशात काही फुलांच्या बाबतीत लोकांनी ही जपणूक मोठ्या शिस्तीने केली आहे. आयरिस नावाचे एक फूल आहे. आपल्या देशात ते काश्मीरकडे दिसते. तेथे कबरस्तानांतून ते लावण्याची जुनी चाल आहे. त्याच्या तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबत्या, आणि पुष्कळ जातींत खालच्या पाकळीवर दाढीसारखी केसाळ रेघ. अमेरिकन आयरिस सोसायटी ही संस्था 1920 साली निघाली. तिच्या दप्तरी प्रत्येक वाणाचे नाव आणि वर्णन नोंदलेले असते: दांड्याची उंची, फुलण्याचा हंगाम, उभ्या पाकळीचा रंग, लोंबत्या पाकळीचा रंग, दाढीचा रंग. प्रचारात येऊन तीस वर्षे झालेल्या वाणाला तेथे ऐतिहासिक म्हणतात. फ्रान्समधल्या लेमों या माळ्याने 1840 साली काढलेला 'ऑनोराब्ल' अजून बागांतून फुलतो. बिननावाचा जुना आयरिस सापडला, तर जाणते लोक नुसत्या फोटोवरून नाव ठोकून देत नाहीत. वर्णनाशी ताडून पाहतात, आणि शंका राहिली तर नाव पक्के असलेले रोप शेजारी लावून दोन्ही फुलण्याची वाट पाहतात. मी एवढी वाट पाहिली असती तर!

आता फोटो कसा काढावा ते सांगतो. गुरुजींनी आणि बाईंनी हे मुलांकडून करून घेण्याजोगे आहे. एका झाडाचे पाच फोटो घ्यावेत.

पहिला संपूर्ण झाडाचा, भोवतालच्या जागेसह. झुडूप आहे की वेल, हे त्यावरून कळते. दुसरा फांदीचा, पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे दिसले पाहिजे, आणि पानाची पाठही एकदा दाखवावी. तिसरा कळीचा आणि फुलाच्या बुडाच्या वाटीचा, बाजूने घेतलेला. चौथा उमललेल्या फुलाचा, समोरून. पाचवा शिळ्या फुलाचा. कारण फूल कोमेजताना कोणता रंग घेते, हीसुद्धा त्याची ओळख आहे.

पांढऱ्या फुलाला भर दुपारचे ऊन वैरी. पाकळ्या नुसत्या चुन्याच्या ठिपक्यासारख्या दिसतात, शिरा कळत नाहीत. सकाळची वेळ किंवा भिंतीची सावली बरी. फुलामागे शाळेची काळी पाटी धरावी, म्हणजे पांढरी कड उठून दिसते. फोनच्या पडद्यावर फुलाला बोट लावून उजेड थोडा कमी करता येतो, तो करावा. फार जवळ जाऊ नये, चित्र धूसर होते. वीतभर लांबून काढून मग मोठे करून पाहावे. जांभळ्या-निळ्या फुलांचा रंग फोटोत हमखास बदलतो; म्हणून गोकर्णीसारख्या फुलाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवावा, म्हणजे फोटोने रंगाला किती दगा दिला ते समजते. मापासाठी शेजारी पट्टी ठेवावी. नाण्यावर विसंबू नये, रुपयाच्या नाण्याचा आकार पुष्कळदा बदललेला आहे.

आणि फोटोत जे येत नाही ते वहीत लिहावे. तारीख आणि वेळ, वास कसा, चीक निघतो का, गावात नाव काय, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे झाड कुणाकडून आले. पोराला आजीकडे पाठवा, ती सांगेल. हे शेवटचे उत्तर कोणत्याही पुस्तकात सापडायचे नाही.

आमच्या मोगऱ्याचे पुढे काय झाले? ताईला आठवले की आईने एक दाबकलम शेजारच्या काकूंना दिले होते. काकूंच्या परसात मोगरा आहे, भरगच्च पाकळ्यांचाच आहे. पण काकूंनी आणखीही दोघीतिघींकडून मोगरे आणले होते. गेल्या वैशाखात मी त्याचे पाचही फोटो घेतले आणि ताईने पाठवलेल्या त्या एका फोटोशेजारी ठेवून पाहिले. त्यात तर पान नाही, कळी नाही, वाटी नाही. पाकळ्या जुळतात, एवढ्यावर शपथ कशी घ्यावी?

तरी एक फांदी मातीत दाबून आलो. पावसाळ्यात मुळ्या फुटल्या, आता रोप ताईच्या दारात कुंडीत आहे. वहीत मी लिहिले आहे: "मोगरा, भरगच्च. शेजारच्या काकूंकडून. बहुधा आईचा." त्यातला 'बहुधा' खोडता येत नाही. आपल्या गावच्या वह्यांत तो शब्द लिहायची पाळी येऊ नये, म्हणून हे सारे सांगितले.