सदर बंद झालं, मग त्यातले लेख कोणाचे?

दर आठवड्याला ठरल्या दिवशी मजकूर पाठवायचा. दहा-बारा वर्षं हे चालतं आणि एक दिवस ‘पुढच्या महिन्यापासून सदर थांबवतोय’ असा मेल येतो. मुक्त लेखकाला ना निरोप समारंभ, ना ग्रॅच्युइटी. पण लेखांवरचा हक्क त्याच्याकडे राहू शकतो.

कायदा काय सांगतो?
कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार लेखनाचा पहिला मालक लेखकच. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाला अपवाद आहे. मानधनावरचं मुक्त लेखन त्यात येत नाही.

हक्क कधी जातो?
लेखी करारावर सही केली असेल तरच. करारात मुदत नसेल, तर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरली जाते. हक्क दिला तरी लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार कलम ५७ नुसार राहतो.

निरोप घेण्याआधी काय कराल?
- जुना करार आणि मेल शोधून वाचा.
- लिंक बंद होण्याआधी सगळे लेख उतरवून ठेवा.
- थकलेल्या मानधनाची यादी मेलवर कळवा.

हक्क तुमच्याकडेच असतील, तर या लेखांचं पुस्तक काढायला कोणाची परवानगी लागत नाही.