आधी रोळा, मग शोधा

दुर्ग शहर शिवनाथ नदीचे पाणी पिते. पाण्याचा गढूळपणा आणि उरलेला क्लोरीन जागच्या जागी मोजता येतो, जिवाणूंची वाट मात्र पाहावी लागते. आपल्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू सापडता कामा नये. ते तपासण्यासाठी नमुना ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यातून गाळतात आणि तो पडदा पोषक माध्यमावर सुमारे २४ तास उबवतात. अनेक नळ्यांच्या जुन्या पद्धतीला दोन ते चार दिवसही लागतात. गावोगावी वापरतात ती काळी पडणारी एच टू एस बाटलीही एक-दोन दिवस घेते. तोवर ते पाणी पिऊन झालेले असते. वरातीमागून घोडे, दुसरे काय!

यावर जिवाणूंचा डीएनए ओळखणारे पीसीआर यंत्र आणा, असा सल्ला सहज दिला जातो. यंत्र काही तासांत उत्तर देते हे खरेच, पण त्याच्या नळीत नमुन्याचा सहसा जेमतेम ५ मायक्रोलिटर द्रव घालतात, म्हणजे १०० मिलिलिटरचा २०,०००वा भाग. पाण्यात मोजके पाच-दहा जिवाणू असतील, तर त्या थेंबात एकही न येण्याचीच शक्यता जास्त. किलोभर तांदळातला एक खडा चिमूट उचलून सापडत नाही. तांदूळ रोळले की तो तळाशी बसतो. म्हणून खरी घाई यंत्राची नसून रोळण्याची आहे. पडद्यावर गाळून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून किंवा जिवाणूंना चिकटणारे चुंबकीय मणी वापरून सगळे जिवाणू थेंबभर द्रवात गोळा करायचे, मगच यंत्राला विचारायचे.

पीसीआरला क्लोरीनने मेलेल्या जिवाणूंचाही डीएनए दिसतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यामुळे जलद चाचणीने उबवण्याची पद्धत मोडीत निघत नाही. आज पाणी उकळून प्या असे सांगायचे की नाही, एवढे ती लवकर ठरवू देते आणि उद्याचा निकाल त्यावर शिक्कामोर्तब करतो. क्लोरीन मोजला की पुरे, हेही पटणारे नाही, कारण तो आकडा त्या नळाचा आणि त्या क्षणाचा असतो. खरी अडचण पावसाळ्यातल्या विहिरी-नाल्यांच्या पाण्याची. गाळ पडदा तुंबवतो, सेंट्रिफ्यूजमध्ये जिवाणूंसोबत तळाशी बसतो, आणि त्यातली काही द्रव्ये पीसीआरलाच अडवतात. आधी जाड गाळणी लावावी, तर मातीच्या कणांना चिकटलेले जिवाणू तिथेच अडकतात.