लुंबिनीला निघताना

लुंबिनी नेपाळात, म्हणजे परदेश. म्हणून पुष्कळ कुटुंबे बिचकतात. पण आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र मूळ घ्या, झेरॉक्स चालत नाही. आधारकार्डावर विसंबू नका. ते १५ वर्षांखालील मुलांना आणि ६५ वर्षांवरील वडीलधाऱ्यांनाच चालते. आजी आत आणि सूनबाई सीमेवर, असे व्हायला नको!

गोरखपूरपर्यंत रेल्वे, सोनौलीपर्यंत बस, पायी सीमा ओलांडली की भैरहवा. तिथून लुंबिनी सुमारे २२ किलोमीटर. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०. भाव ठरवताना ‘भारतीय की नेपाळी?’ हे आधी विचारा. आपली माणसे इथेच फसतात. शंभराच्या नोटा जवळ असाव्यात. मायादेवी मंदिरात अनवाणी जावे लागते. वैशाखात फरशी तापते, म्हाताऱ्यांसाठी मोजे घ्या.