थडग्याचा घुमट, टेलिफोनची खोली

लंडनमध्ये पिकाडिली रस्त्यावर रॉयल अकॅडमीची इमारत आहे. चित्रप्रदर्शनं बघायला आलेले लोक ज्या कमानीतून आत शिरतात, तिथेच आडोशाला एक लाल टेलिफोन बूथ उभा असतो. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. जवळ जाऊन टकटक केलं तर आवाज लोखंडाचा नाही, लाकडाचा येतो. जगभर ज्याची किचेन आणि पैसे साठवायचे गल्ले विकले जातात, त्या बिडाच्या ब्रिटिश बूथचा हा मूळ नमुना. १९२४ च्या स्पर्धेसाठी बनवलेला. तो बघायला तिकीट लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणाला ती कलाकृती वाटत नाही.

स्पर्धा घ्यायची वेळ आली ती लंडनकरांच्या नाकं मुरडण्यामुळे. टेलिफोन खातं तेव्हा पोस्टाकडे होतं आणि पोस्टाने १९२१ मध्ये काँक्रीटचा एक बूथ काढला होता, के १ नावाचा. लंडनमधल्या नगरपालिकांनी तो आपल्या रस्त्यांवर उभा करायला नकार दिला. शेवटी रॉयल फाइन आर्ट कमिशनने त्यात लक्ष घातलं आणि तीन नामवंत वास्तुविशारदांकडे आराखडे मागितले. सार्वजनिक फोनच्या खोक्यासाठी! निवड झाली जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांची.

हे आडनाव मुंबईकरांच्या परिचयाचं आहे, निदान त्याचं काम तरी. ओव्हल मैदानासमोरचा राजाबाई टॉवर आणि विद्यापीठाचं ग्रंथालय ज्यांनी रेखाटलं, ते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे जाइल्स यांचे आजोबा. आजोबांनी मुंबईत कधी पाऊल ठेवलं नाही, नकाशे लंडनहून पाठवले. टॉवर पुरा झाला १८७८ मध्ये. नातवाने अवघ्या बाविसाव्या वर्षी लिव्हरपूलच्या कॅथीड्रलची स्पर्धा जिंकली आणि ते पुरं झालं १९७८ मध्ये, तो जाऊन १८ वर्षं झाल्यावर. असा हा शंभर वर्षांच्या हिशेबात काम करणारा घराण्याचा वारस. त्याच्यापुढे आता प्रश्न होता एका माणसाला उभं राहता येईल एवढ्या जागेचा.

चौकोनी उभ्या खोक्याला छप्पर कसलं घालायचं? सपाट घातलं तर ते कपाट दिसतं, आणि इंग्लंडच्या पावसात वर पाणी साचतं. टोकदार घातलं तर पहारेकऱ्याची चौकी होते. स्कॉट यांनी वर उथळ घुमट ठेवला. नीट पाहिलं तर तो वरून बसवलेला वाटतच नाही. चार कोपऱ्यांत धरलेला रुमाल वाऱ्याने मधोमध फुगावा, तसा तो चारही भिंतींमधून वर आलेला आहे. त्यामुळे कुठल्याही बाजूने बघा, माथ्यावर एक हलकी कमान दिसते आणि बूथ पुरा वाटतो.

हा घुमट स्कॉट यांच्या मनात कुठून आला, याचं सर्वमान्य उत्तर एका दफनभूमीत आहे.

सेंट पँक्रस स्टेशनच्या मागच्या बाजूला जुन्या सेंट पँक्रस चर्चचं आवार आहे. (स्टेशनच्या दर्शनी भागातलं भव्य हॉटेल पुन्हा आजोबांचंच.) तिथे सर जॉन सोन या वास्तुविशारदाने आपल्या बायकोसाठी, एलायझासाठी, बांधलेलं थडगं आहे. सोन म्हणजे बँक ऑफ इंग्लंडची इमारत उभारणारा, गवंड्याच्या घरातून वर आलेला माणूस. मुलांनी आपलाच व्यवसाय चालवावा ही त्याची इच्छा, आणि धाकट्या जॉर्जला त्यात काडीचा रस नव्हता. १८१५ च्या सप्टेंबरात एका वर्तमानपत्रात सोनच्या कामाची खिल्ली उडवणारे दोन निनावी लेख आले. लिहिणारा आपलाच मुलगा आहे हे आजारी एलायझाला कळलं आणि नोव्हेंबरात ती गेली. सोनने ते लेख चौकटीत बसवले, हे जॉर्जने दिलेले मृत्यूचे घाव आहेत असं त्यावर लिहिलं आणि घरात टांगले. क्षमा बिमा काही नाही. पुढे १८३३ मध्ये त्याने थेट पार्लमेंटचा कायदा करून घेतला: राहतं घर आतल्या सगळ्या संग्रहासकट होतं तसंच ठेवायचं आणि लोकांना दाखवायचं. त्यामागे कलाप्रेम होतं, तसं मुलाच्या हाती काही लागू नये हेही होतं.

एलायझाचं थडगं १८१६ चं. आत संगमरवरी चौथरा, वर चार खांबांची छत्री आणि त्या सगळ्यावर पोर्टलंडच्या दगडाचं, चारही बाजूंना कमान दाखवणारं उथळ छप्पर. माथ्यावर पाइनच्या फळाचा कळस आणि खाली स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला साप. कळस आणि साप मनातल्या मनात काढून टाका, दगडाला लाल रंग द्या. थडग्याचा आणि बूथचा फोटो शेजारी शेजारी ठेवला की वादाला फारशी जागा उरत नाही. शिवाय याच सुमाराला स्कॉट सोनच्या त्या संग्रहालयाचे विश्वस्त झाले होते. तिथल्या न्याहारीच्या खोलीत हाच फुगलेला घुमट आहे, कडांना वरून उजेड झिरपतो आणि छताला छोटे बहिर्गोल आरसे जडवलेले आहेत. तो बघून माणूस सहजासहजी विसरेल असं वाटत नाही.

सोनचा विषय निघाला आहे, तर दक्षिण लंडनमधल्या डलिचला एक फेरी मारायला हवी. नोएल डेझेनफान्स आणि फ्रान्सिस बुर्ज्वा हे दोघे भागीदारीत चित्रांचा व्यापार करायचे. १७९० मध्ये पोलंडच्या राजाने त्यांना सांगितलं, आमच्या देशासाठी उत्तम चित्रसंग्रह जमवा. पाच वर्षं ते युरोपभर चित्रं विकत घेत राहिले. पण १७९५ मध्ये शेजाऱ्यांनी पोलंड वाटून घेतला, देशच नकाशावरून गेला आणि गिऱ्हाइकाने सिंहासन सोडलं. चित्रं दुकानदारांच्या गळ्यात! शेवटी बुर्ज्वाने मृत्युपत्रात ती डलिच कॉलेजला दिली, अट घातली की ती लोकांना बघता यावीत, आणि इमारतीसाठी आपल्या मित्राचं नाव सुचवलं: जॉन सोन. १८१७ मध्ये खुली झालेली ही डलिच पिक्चर गॅलरी म्हणजे इंग्लंडमधली मुद्दाम बांधलेली पहिली सार्वजनिक चित्रदालनाची इमारत. सोनने छतात झरोके ठेवून वरून उजेड आणला, म्हणजे भिंती चित्रांसाठी मोकळ्या राहिल्या. आणि मधोमध बांधली ती त्या दोन व्यापाऱ्यांची आणि डेझेनफान्सच्या बायकोची समाधी, पिवळट काचेच्या उजेडात न्हालेली. संग्रहाचे मालक आपल्या चित्रांशेजारीच कायमचे मुक्कामाला. इतका विक्षिप्त तरीही इतका नीटनेटका प्रकार ब्रिटिशांनाच सुचू शकतो.

पुन्हा बूथकडे. स्कॉट यांनी तो पोलादाचा, बाहेरून चंदेरी आणि आतून निळसर हिरवा कल्पिला होता. पोस्टाने बीड आणि लाल रंग ठरवला. इथे मी पोस्टाच्या बाजूने आहे. चंदेरी बूथ धुक्यात शोधायचा कसा? १९२६ पासून हा के २ लंडनच्या रस्त्यांवर आला. माथ्यावरच्या राजमुकुटाला भोकं आहेत. ती नक्षी वाटते, पण प्रत्यक्षात आतली कोंदट हवा तिथून बाहेर जाते. दार सागवानी. वजन मात्र सव्वा टन आणि किंमतही भारी, त्यामुळे जेमतेम १,७०० च्या आसपास बनले.

देशभर जो पोचला तो १९३५ चा के ६, पंचम जॉर्ज यांच्या रौप्यमहोत्सवानिमित्त स्कॉट यांनीच केलेला. उंची कमी केली, वजन पाऊण टनाच्या आत आणलं, चौकटीवरच्या पन्हळी काढल्या. के २ मध्ये एका बाजूला सारख्या मापाची १८ तावदानं होती. इथे मधलं तावदान रुंद केलं, म्हणजे आत कोणी आहे का ते दुरून दिसतं. पोस्ट ऑफिस असलेल्या प्रत्येक गावाला बूथ द्यायचं ठरलं आणि सुमारे ६०,००० के ६ उभे राहिले. आत पैसे टाकून पलीकडून आवाज आला की ए बटण दाबायचं, नाही आला तर बी दाबून पैसे परत घ्यायचे. कुणी घाईत बी दाबायला विसरलं असेल या आशेवर पोरं येता-जाता ते दाबून बघायची.

आज ज्याला राष्ट्रीय ठेवा म्हणतात, त्या लाल रंगाला तेव्हा खेड्यापाड्यांतून विरोध झाला. निसर्गरम्य ठिकाणी हा भडकपणा नको, अशी तक्रार होती; काही जागी बूथ राखाडी रंगवून फक्त तावदानांच्या पट्ट्या लाल ठेवल्या गेल्या. हल शहराचा टेलिफोन कारभार नगरपालिकेकडे होता, तिथले बूथ फिक्या पिवळट रंगाचे आणि मुकुटाशिवायचे. एलिझाबेथ राणी झाल्यावर स्कॉटलंडने मुकुटावरून कुरबुर केली: इंग्लंडचा का, आमचा का नाही? मग १९५५ पासून छपराला खाच ठेवून मुकुटाची पाटी वेगळी बसवायची सोय झाली. प्रदेश बघून मुकुट अडकवायचा. अस्मितेचा प्रश्न सुतारकामाने सोडवलेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

१९८० च्या दशकात टेलिफोन खातं खासगी झालं आणि नव्या कंपनीने धातू-काचेचे सडपातळ बूथ आणायचं जाहीर केलं. जुन्या इमारतींसाठी भांडणारे लोक या खोक्यांसाठीही भांडले. दोन हजारांहून अधिक बूथ संरक्षित वास्तूंच्या यादीत गेले. वास्तूंच्याच, हे महत्त्वाचं. उरलेल्यांपैकी हजारो भंगारात किंवा परसबागांत. किंगस्टन अपॉन थेम्समध्ये शिल्पकार डेव्हिड मॅक यांनी १९८९ मध्ये १२ बूथ एकमेकांवर कलंडत चाललेले मांडले, ते आजही रस्त्यावर आहेत. २००६ मध्ये बँक्सी या अनाम कलावंताने एक बूथ मोडून वाकवला, त्यात कुदळ खुपसून लाल रंग ओघळवला आणि लंडनच्या सोहोत आडवा टाकला. पालिकेने अर्थातच तो उचलून नेला. पुढे लिलावात त्याला ६ लाख डॉलरच्या वर किंमत आली.

मला मात्र खरी गंमत वाटते ती २००८ नंतरच्या भाडेकरूंची. टेलिफोन कंपनीने योजना काढली: फोन काढून घेतो, बूथ गावाने १ पौंडात दत्तक घ्यावा. सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिप गावाने त्यात पुस्तकांची देवघेव सुरू केली. कित्येक ठिकाणी हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारं यंत्र बसलं. तातडीच्या वेळी अनोळखी माणसालाही सापडेल अशी जागा हवी होती, आणि लाल रंगाने ते काम आधीच करून ठेवलं होतं.

आणि यॉर्कशरमधल्या सेटल या गावाने २००९ मध्ये त्यात चित्रदालन उघडलं. नाव गॅलरी ऑन द ग्रीन. जगातल्या सर्वांत छोट्या दालनांपैकी एक असा त्यांचा दावा आहे आणि तो खोडून काढायला बराच आडमुठेपणा लागेल. गॅलरी चालवणाऱ्याच्या नजरेने बघा: तीन बाजूंना काच, माथ्यावर छप्पर, कोरडी जागा, दिवसभर नैसर्गिक उजेड, दारात रखवालदार नको. आत एका वेळी एकच माणूस, म्हणजे चित्रासमोर कुणाचं डोकं आड येत नाही. मोठमोठ्या संग्रहालयांना कोट्यवधी खर्चूनही हे जमत नाही. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनीही तिथे आपल्या संग्रहातली त्रिमिती छायाचित्रं मांडली होती.

ते सडपातळ धातूचे बूथ कुणी दत्तक घेऊन त्यात गॅलरी थाटल्याचं सहसा ऐकू येत नाही. ती उपकरणांवरची आवरणं होती. उपकरण गेलं की आवरणाचं काय करायचं? स्कॉट यांनी बांधली होती ती खोली. खोलीला भाडेकरू मिळतो.

त्यांच्याच हातची आणखी एक वास्तू थेम्सच्या काठावर आहे: बँकसाइडचं वीजघर, विटांचं आणि ९९ मीटर उंचीच्या धुराड्याचं. वीज बनवणं थांबलं, यंत्रं निघाली आणि २००० मध्ये तिथे टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचं दालन सुरू झालं. तिथल्या नुसत्या टर्बाइन हॉलची लांबी १५० मीटरच्या वर आहे. एक बांधलं विजेसाठी, दुसरं फोनसाठी. चित्रं टांगायला म्हणून स्कॉट यांनी या दोन्हींपैकी काहीच काढलं नव्हतं.