एकट्याचा रणगाडा: हिशोब नेमका कुठे चुकतो?

पर्यायी इतिहासाच्या एका रोलप्लेइंग गेमसाठी मी एका माणसाचा हलका रणगाडा डिझाइन करायला घेतला. आधी चिलखत. पोलादाची घनता ७.८५, म्हणजे १० मिमी जाडीचा १ चौरस मीटर पत्रा साधारण ७८ किलो. असे ८ चौरस मीटर धरले की सव्वासहाशे किलो. मोटारीचं इंजिनही ओढेल की! मी खूश.

मग मार्टेल आठवले. या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरने १९२५ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये असाच रणगाडा बनवला होता. तो चाललाही. घोडं अडलं ते आतल्या माणसापाशी: गाडी हाकायची, शत्रू हुडकायचा आणि मशिनगनही चालवायची, हे एकट्याला झेपेना. पुढे दोघांची मॉडेलं आली.

रिसर्च प्रपोजलमध्येही आपण जे मोजायला सोपं तेच आधी मोजतो, आणि खरी मर्यादा कोष्टकाबाहेर राहते. (माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये राहिलीच होती.)

म्हणून वजनाला हात न लावता मी नियमच बदलला: एका खेळीत एकतर हालचाल, नाहीतर गोळीबार. मित्र म्हणाला, "मग हा घेणार कोण?" रास्त आहे. सध्या तो फक्त टेहळणीला जातो.